दादाने बसवलेली फरशी

१

पाहुणे सकाळी जातात आणि नवे पाहुणे दुपारी येतात. मधला वेळ माझा.

त्या वेळात मी चादरी काढतो, उशा बडवतो, कप विसळतो, बाथरूमच्या जाळीतून केस उपसतो. आयुष्यात मी इतके केस पाहिले नव्हते आणि त्यातला एकही माझा नाही. सगळं चकाचक झालं की खिडकीखालच्या फरशीजवळ मांडी घालून बसतो आणि दादाला दिवसाची हकिगत सांगतो.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो फरश्या बसवायचा. लोकांची अशी दोन-चार दिवसांच्या भाड्याची घरं त्याने बरीच केली होती आणि ती करता करता त्याच्या डोक्यात किडा शिरला होता की आपलंही असं एक घर हवं. "भाडेकरूचं नाही रे, पाहुण्यांचं घर," तो म्हणायचा. "भाडेकरू तक्रार करतो, पाहुणा फोटो काढतो." मग त्याने एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावरचं हे घर घेतलं आणि रोज कामावरून आल्यावर स्वतःच्या हाताने त्याची जमीन केली.

एक फरशी तेवढी राहिली होती. सांध्यात भरायच्या पावडरचा रंग जुळत नव्हता म्हणून तो स्कूटर काढून दुकानात गेला आणि परत आला नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

ती राहिलेली फरशी मी बसवली. तिथे उघडं सिमेंट बघवत नव्हतं मला. मला त्या कामातलं काही कळत नाही. चार कोपऱ्यांना सिमेंटचे गोळे थापले, मध्ये एक थापला, वर फरशी ठेवली आणि बुक्क्यांनी दाबली. दिसायला झकास. पण बोटाने वाजवली तर पोकळ.

दादाने पाहिलं असतं तर माझ्या डोक्यात थापी घातली असती. त्याचा एकच नियम होता. "खाली पोकळी सोडायची नाही. सोडली की तिथे काहीतरी येऊन बसतं. पाणी, मुंग्या, काय वाट्टेल ते."

मी म्हटलं, नंतर करू नीट. आणि केली नाही. सगळ्या घरात तेवढी एकच फरशी होती जी वाजवल्यावर काहीतरी बोलायची.

२

वहिनींना घर विकायचं होतं.

"मला तिथे पाऊल टाकवणार नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यांनी हाताने दाबलेली एकेक फरशी. चालू कुठून?"

"मग मला चालवू द्या."

"तुम्ही? तुम्हाला शाळा पुरी करता आली नाही, तुम्ही घर चालवणार?"

"पाहुणे कुठे गणितं घालतात, वहिनी? गिझरचं बटण कुठंय एवढंच विचारतात."

त्या हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. मग तोंड पदरात घालून रडल्या. शेवटी म्हणाल्या, "हा हंगाम चालवा. संपला की मी एकदा येऊन बघीन, आणि मग विकायचं. परत विषय काढायचा नाही."

मी त्याच दिवशी मालकाच्या टेबलावर टेम्पोची किल्ली ठेवून आलो. नोकरी सोडायला मला नेहमीच पाच मिनिटं पुरतात.

सुरुवातीला मी जे दिवे लावले त्यांनी गल्ली उजळली असती. जाहिरातीसाठी घराचे फोटो काढले, तर प्रत्येक फोटोत माझा अंगठा. एकाने विचारलं, अंगठा छान आहे, घर कधी दाखवताय? हॉटेलात असतात म्हणून पांढऱ्याशुभ्र चादरी आणल्या आणि पहिल्याच बाईंनी त्यांच्यावर बसून केस रंगवले. लॉन्ड्रीवाला चादर उजेडात धरून म्हणाला, "शेठ, हा डाग नाही, हा नकाशा आहे. धुऊ की भिंतीवर लावू?"

पण शिकलो. टॉवेल गडद रंगाचे घ्यायचे. रिमोट दोरीने बांधायचा. पाहुणा दारात आला की आधी पाणी विचारायचं, नियम मागाहून. लोक खूश होऊन जायला लागले. पुन्हा येतो म्हणायला लागले.

हे सगळं मी दादाला सांगायचो. सांगण्याआधी फरशी वाजवायचो, तो वाजवायचा तशी. बोटाचं पेर आधी मध्यभागी, मग कोपऱ्यात. ठक, ठुक. घरात शिरताना दार वाजवतात ना, तसं. मग त्याच्याच गोष्टी त्याला सांगत बसायचो. दादा, तू कुणाच्याही घरी गेलास तरी जमीन वाजवून बघायचास, आठवतं? लग्नाची बोलणी करायला गेलो तेव्हा वहिनींच्या वडिलांची सगळी बैठक वाजवलीस आणि म्हणालास, मुलगी पसंत आहे, फरशी पोकळ आहे.

एकटाच खो खो हसायचो.

३

औषधं विकणारा एक गृहस्थ फेरीवर असला की आमच्याकडे उतरायचा. मी त्याला गोळीवाला म्हणायचो आणि त्याला ते आवडायचं.

एकदा सकाळी किल्ली देताना तो म्हणाला, "तुमचे खालचे लोक फार उद्योगी हो. ठकठक चालूच."

"त्रास झाला का?"

"छे! झोप छान लागली. आपलं कुणीतरी घरात काम करत असावं आणि आपण लोळत पडावं, तसं वाटलं."

खालचं घर बंद आहे. तिथले आजोबा लेकाकडे राहायला गेलेत. मी म्हटलं, पाण्याचे पाइप. जुन्या इमारतीत पाइप वाजतातच.

मग चपला. दादाला एक खोड होती. दारात सगळ्यांच्या चपला तो तोंडं बाहेर करून लावून ठेवायचा, म्हणजे निघताना नुसता पाय सरकवायचा. ही खोड मी फरशीजवळ बसून सांगितली होती. आमच्या आईची नक्कल करून सांगितली होती, कारण ती म्हणायची, "आलेल्या माणसाला हाकलतोस काय रे?"

त्यानंतर एक काकू जाताना लाडाने रागावल्या. "तू कधी येऊन आमच्या चपला लावून जातोस रे? आम्हाला चाहूलही लागत नाही. गुणाचा आहेस, पण बेल वाजवत जा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आणि मग एका सकाळी मी ओट्याशी कप विसळत होतो. घरात कुणी नव्हतं. ऊन बाहेरच्या खोलीभर पसरलं होतं. खिडकीकडून आवाज आला. ठक, ठुक. मी नळ बंद केला. पुढच्या फरशीवर, ठक, ठुक. मग तिच्या पुढच्या. एकही फरशी न सोडता, घाई न करता, आवाज खोली ओलांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. उंबऱ्यात ऊन होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती. बाकी काही नव्हतं.

पाइप इतके शहाणे नसतात. आधी मध्य, मग कोपरा, हे पाइपाला कोण शिकवणार?

भीती वाटायला हवी होती. माझ्या हातातला कप हसण्याने हलत होता. "दादा," मी म्हटलं, "चांगली बसलीय रे सगळी. तुझीच आहे. फक्त ती एक माझी."

मी वहिनींना फोन केला. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, जेवता ना वेळेवर?"

४

नंतरचे दिवस मजेत गेले. खोटं कशाला सांगू, दादा गेल्यापासूनचे सगळ्यात चांगले दिवस. मी शीळ घालत जिने चढायचो. सांगितलं की तसं व्हायचं. दादाला कपाटाचं उघडं दार खपत नाही असं म्हटलं, तर पाहुणे म्हणायला लागले, कपाटं आपोआप छान लागतात हो तुमची.

अशातच एक नवं जोडपं आलं. हातात हात, कपाळाला कपाळ. मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, "किती सुंदर बसवलीय. कुणी केली?"

मी नेमका खिडकीखालच्या फरशीवर उभा होतो. नुसतं "भावाने" म्हणालो असतो तर भागलं असतं. पण मला राहवेना. तिच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं आणि दादाचं कौतुक कुणी करायला लागलं की माझी जीभ सैल सुटते.

"माझ्या दादाने," मी म्हटलं. "गुणगुणत बसवायचा. एकेक फरशी सुरात." आणि त्यांना गुणगुणून दाखवलं. टेम्पो चालवताना मी नाकातून जे काहीतरी काढतो ते. त्याला धड चालही नाही.

"अय्या, किती गोड," मुलगी म्हणाली.

दादा आयुष्यात कधी गुणगुणला नाही. वहिनींनी एकदा त्यांच्या लेकीला, छोटीला, झोपवायला त्याच्या मांडीवर दिलं होतं, तर हा गडी नुसता डोळे वटारून बसला. ना हूं ना चूं. छोटी घाबरून झोपली.

पुढच्या फेरीला गोळीवाला उतरला. सकाळी बॅग उचलता उचलता म्हणाला, "तुमचे खालचे आता गायलाही लागले की. नाकातला सूर." आणि त्याने तो काढून दाखवला.

तीच ती माझी धड चाल नसलेली चाल.

तो गेला. मी दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिलो. सूर्य रोजच्यासारखा खिडकीत होता. सगळ्या फरश्या चमकत होत्या. मी स्वतःची समजूत घालत होतो. त्या जोडप्याने गोळीवाल्याला सांगितलं असेल. पण त्यांची गाठ कुठे पडणार? मग गोळीवाल्याने मला कधीतरी जिन्यात ऐकलं असेल. हो, तसंच असेल. जिन्यात.

तेवढ्यात खिडकीकडून ठक, ठुक झालं आणि त्याच्या मागोमाग नाकातला तो सूर आला. अगदी खुशीतला. मी कसा गातो तसा, चुकत, मध्येच विसरत.

दादाला माझं गाणं येत नव्हतं. दादाला कुठलंच गाणं येत नव्हतं. मग मी इतके दिवस बोलत होतो कुणाशी?

त्या दिवशी मी फरशीजवळ बसलो नाही. चादरी घातल्या, कप उपडे ठेवले, आणि चप्पल हातात घेऊनच बाहेर पडलो. निघताना मला ती पायात घालायचं धाडस झालं नाही, कारण मी दारात काढली होती तेव्हा तिची तोंडं आत होती.

५

हंगाम संपला आणि वहिनी आल्या.

मी विकायला तयार होतो. जिने चढताना तसं सांगणारही होतो. पण त्या कठड्याला धरून, दम खात, देवळाच्या पायऱ्या चढाव्यात तशा चढत होत्या. दारात त्यांनी चपला काढल्या आणि पाऊल उचलून तसंच धरलं. मग टेकवलं.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघं खोलीच्या मध्यभागी उभे राहिलो. मी मनात म्हणत होतो, आज गप्प बस. जे कुणी असशील ते, आज नको.

ठक, ठुक.

वहिनींनी माझा दंड धरला. आवाज आमच्याभोवती फिरत गेला, भिंतीकडेने, फरशीमागून फरशी. आणि मग सूर सुरू झाला.

आता त्यांना कळेल, मला वाटलं. ज्या बाईने त्या माणसाबरोबर संसार केला तिला पहिल्या फटक्यात कळेल. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

त्या हसत होत्या. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या हसत होत्या.

"गुणगुणताहेत," त्या म्हणाल्या. "भाऊजी, ऐका ना! जन्मात तोंड उघडलं नाही माणसाने. सगळं आत दाबून ठेवायचे. आता बघा कसे मोकळे झालेत."

"वहिनी, दादा कधी..."

"माहीत आहे मला. म्हणून तर."

ते माझं गाणं आहे, माझी थाप आहे, हे सांगायचं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मला पुन्हा पुसून टाकायचं नव्हतं. दादा एकदा गेलाय. स्वतःच्या तोंडाने त्याला त्यांच्यापासून दुसऱ्यांदा कसा नेऊ?

त्या खिडकीखाली जाऊन बसल्या. बरोबर त्याच फरशीजवळ. मी जागा सांगितली नव्हती. हाताने ती पुसत पुसत त्या आपसूक बोलायला लागल्या. ह्यांच्या टाचांच्या भेगा, त्यांत सिमेंट जाऊन बसायचं, कितीही घासलं तरी राखाडी रेघा राहायच्या. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख, हातोडा पडून काळं पडलेलं. गुडघ्यांना पडलेले घट्टे.

सूर थांबला होता. खोली इतकी शांत झाली होती की कुणीतरी मन लावून ऐकतंय असं वाटावं.

"विकायचं नाही," निघताना वहिनी म्हणाल्या. "आणि एक किल्ली मला द्या."

हंगामाच्या सुरुवातीला मला हवं होतं ते मिळालं.

६

त्या रोज यायला लागल्या. पाहुणे निघाले की यायच्या, मला म्हणायच्या, "चादरी मी घालते, तुम्ही जा." तब्येत सुधारली. केसांत तेल, नवी साडी. छोटीला आईचा हात पुन्हा मऊ लागायला लागला. लॉन्ड्रीवाला मला म्हणाला, "शेठ, वहिनी धंद्यात पडल्या वाटतं. चादरी वेळेवर येतात हल्ली." मी हसलो. सगळं चांगलं चाललं होतं, फक्त ते दादामुळे नव्हतं.

शेवटी मी ठरवलं. दादाच्या हत्यारांच्या पिशवीतून थापी आणि छिन्नी घेतली, सिमेंट घेतलं. फरशी उखडायची, खालची पोकळी गच्च भरायची, वर नीट बसवायची. दादा बसवायचा तशी. वहिनींना नंतर काय ते सांगू. रडतील, बोलणार नाहीत माझ्याशी, चालेल. निदान त्यांना आठवेल तो तरी खरा दादा असेल.

किल्लीने दार उघडलं. वहिनींच्या चपला दारात होत्या, तोंडं बाहेर. आतून त्यांचा आवाज येत होता. सावकाश, एकेक शब्द निवडून, लहान मुलाला गोष्ट सांगावी तसा.

मी बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो.

वहिनी माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे काय आहे ते मला दिसत नव्हतं, मध्ये पलंगाची कड आडवी येत होती. त्या कडेपलीकडून, उन्हात, एक पाऊल बाहेर आलेलं होतं. मांडी घालून बसलेल्या माणसाचं असतं तसं.

टाच होती. टाचेला भेगा होत्या आणि भेगांत राखाडी रेघा होत्या. मी लहानपणापासून ओळखत होतो ती टाच. पुढे उजवा अंगठा होता, त्याचं नख काळं होतं. मी हाक मारणारच होतो.

अंगठ्याच्या शेजारी बोटं नव्हती. तुटलेली नव्हती. थापी फिरवून सपाट केलेल्या सिमेंटसारखं तिथे सगळं गुळगुळीत होतं. त्या बोटांबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.

पिशवीतली थापी खणकली.

"भाऊजी, आलात?" वहिनी मागे न वळता म्हणाल्या. आवाज नव्या नवरीसारखा होता. "या, बसा. पण डोळे मिटून बसा हं. मीही मिटलेत. पुरं झाल्याशिवाय बघायचं नाही असं मी ठरवलंय."

"वहिनी," मी म्हणालो, "उठा. चला घरी."

"थांबा हो. किती दिवस लागले मला. हनुवटीपर्यंत आलोय." त्यांनी हात मागे पसरला, माझा हात शोधत. "आता नेमकं मला आठवेना. ह्यांचा एक दात मोडका होता बघा, वरचा. हसले की दिसायचा. कुठला हो, डावा की उजवा? तुम्ही भाऊ, तुम्हाला माहीत असणार."

मी डोळे मिटले. खरंच आठवून बघितलं. दादा हसताना, दादा ओरडताना, स्कूटरवर बसताना मागे वळून "आलोच" म्हणताना. दात दिसेना. चेहराच दिसेना. टाच दिसत होती, नख दिसत होतं, चपला दिसत होत्या, आणि त्यांच्या वर जिथे तो असायला हवा होता तिथे सगळं सपाट होतं.

डोळे उघडले तेव्हा वहिनींचा हात अजून तसाच पसरलेला होता. मी पिशवी खाली ठेवली, जमिनीकडे बघत त्यांच्याशेजारी गेलो, पुन्हा डोळे मिटून बसलो आणि तो हात धरला. दुपारी पाहुणे यायचे होते. चादरी अजून व्हायच्या होत्या.

"डावा," मी म्हणालो.

समोरून, अगदी जवळून, कुणीतरी जिभेने तो दात हळूच चाचपून पाहिल्याचा आवाज आला.